वीरगळासमोर बसून

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, कधी त्याच्याशेजारी गाईगुरं. त्यावर लढाई. त्यावर वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. आणि सगळ्यात वर तोच माणूस कैलासात पोचून शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, समोर पुजारी. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर या माणसाची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. नाव मात्र दगडावर बहुधा नसतं. कर्नाटकातल्या वीरगळांवर वीर कोण, राजा कोण, शक कुठला असा मजकूर पुष्कळदा सापडतो; महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नाही. कोण मेला, कुणासाठी मेला, कधी मेला हे सांगायला फक्त चित्र उरलंय.

मी उपयोजित कला शिकले, बरीच वर्षं जाहिरातींची कामं केली आणि मग पुण्यात इंडॉलॉजी, म्हणजे भारतविद्या, शिकायला गेले. तिथे मूर्तिशास्त्राचा तास वेगळा, पुराभिलेखांचा, म्हणजे जुन्या कोरीव लेखांचा, वेगळा, लोकसाहित्याचा वेगळा. शिकवण्याच्या सोयीसाठी ते ठीकच. पण गावातल्या पारावर, म्हशी बांधलेल्या खुंटाशेजारी एखादा वीरगळ उभा असतो, त्याला शेंदूर असतो, पायथ्याशी नारळ फोडलेला असतो, आणि तिथे ही वाटणी टिकत नाही. आपल्याकडे हे ज्यांनी फार आधी ओळखलं त्यांच्यात दामोदर धर्मानंद कोसंबी होते. मूळचे गणिती. पुण्याच्या आसपास पायी हिंडून त्यांनी धनगरांच्या वाटा, त्या वाटांवरची म्हसोबा-म्हातोबाची आणि आयांची ठाणी, आणि तिथेच सापडणारी अश्मयुगीन सूक्ष्मास्त्रं, म्हणजे दगडाची चिमुकली हत्यारं, एकमेकांना जोडून पाहिली. पुढे गुंथर सोन्थायमर जर्मनीतून आले, मराठी शिकले, धनगरांबरोबर राहिले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, चित्रपट केले, एस. सेट्टर यांच्याबरोबर स्मारकशिळांवरचा ग्रंथ १९८२ साली संपादित केला. या दोघांचं वाचताना मला सारखं वाटायचं की एकदा तरी एकाच दगडासमोर वेगवेगळ्या विद्या शिकलेली आणि न शिकलेलीही माणसं एकत्र बसवून बघायला हवं.

ते जमून आलं कऱ्हा आणि नीरा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं हे खरं, पण दगड उघड्यावर आहेत, रात्री पारावर पहारा नसतो आणि अशा शिल्पांना गिऱ्हाईक असतं. गावात भैरोबाचं जुनं देऊळ आहे. एक वीरगळ देवळाच्या ओवरीत भिंतीला टेकवून ठेवलेला, पावसापासून वाचलेला. बाकीचे तीन बाहेर: एक पारावर, एक ओढ्याकाठी शेताच्या बांधावर आणि एक शेंदूर लावून म्हसोबा म्हणून पुजला जाणारा.

परवानगीचं काम आधी. ग्रामपंचायतीला पत्र दिलं, देवस्थानच्या मंडळींना भेटलो, पण खरी परवानगी गुरवमामांची. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दगड हालवणार न्हाई ना? आन् घासणार न्हाई ना?" दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः ओवरी झाडून दिली. पुढे कामात जे काही ठरलं ते या दोन प्रश्नांच्या चौकटीतच ठरलं. ठसा घ्यायचा विचार आमच्यातल्या पुराभिलेखवाल्या मुलाच्या मनात होता: ओला कागद दगडावर बसवून, ब्रशनं ठोकून, वरून शाई फिरवायची जुनी रीत. तो आम्ही सोडून दिला. अक्षरं खडूनं किंवा रांगोळीनं भरून फोटो काढायची सवय तर अजून पुष्कळांना आहे, ती कुणीच करू नये. रांगोळीची पूड सच्छिद्र दगडात शिरून बसते, आणि खडू फिरवणारा माणूस जे त्याला दिसतंय तेच गिरवतो, म्हणजे फोटोत पुरावा राहत नाही, त्याचं मत राहतं.

कॅमेरा पहिल्यांदा बाहेर काढायचा नाही, हा माझा हट्ट होता. फोटो काढला की डोळ्यांना वाटतं आपलं काम झालं. मी ओवरीतल्या दगडापुढे दोऱ्यांची चौकट ताणली, दहा-दहा सेंटिमीटरवर. ओळंबा सोडून उभी रेघ नक्की केली आणि ग्राफपेपरवर एकास पाच प्रमाणात रेखाटायला बसले. एका चौकटीला दुपार जायची. हात सावकाश चालतो, आणि प्रत्येक रेघ कुठे थांबते हे ठरवावंच लागतं. अंदाजानं पुढे जाता येत नाही.

त्यातून एक गोष्ट कळली, ती मला अजून फार मोलाची वाटते. दुसऱ्या चौकटीत, लढाईच्या, वीराच्या उजव्या हातात उगारलेली तलवार आहे, डाव्या हातात गोल ढाल, कमरेला कट्यार. अप्सरा त्याला नेतात त्या चौकटीत हात मोकळे झालेत, पण कट्यार कमरेलाच आहे. सगळ्यात वर, शिवलिंगापुढे, कट्यारही नाही. मग तलवार गेली कुठे म्हणून मी पुन्हा खाली आले. मेलेल्या वीराच्या दंडाखाली एक जाडसर तिरकी रेघ होती, ती मी वस्त्राचा काठ म्हणून काढायच्या बेतात होते. तिला मूठ होती. म्हणजे पाथरवटानं एकेक शस्त्र उतरवत नेलंय: तलवार रणात राहिली, कट्यार वाटेत, आणि देवापुढे माणूस रिकाम्या हातांनी बसला. डोक्यावरचा बांधलेला केसांचा अंबाडा मात्र चारही चौकटींत तसाच आहे, त्यावरूनच तो तोच माणूस हे ओळखायचं. नाव लिहिलेलं नसताना ओळख पटवायची ही किती नेमकी युक्ती! एवढ्याशा गावातल्या, राजाश्रयाशी संबंध असेलच असं नाही अशा कारागिरानं चार हात उंचीच्या दगडात एका माणसाची गोष्ट इतकी विचारपूर्वक लावली, हे बघताना माझा जीव भरून आला होता.

त्यानंतर कॅमेरा. त्रिमिती नोंदीसाठी, म्हणजे फोटोग्रामेट्रीसाठी, ढगाळ सकाळ उत्तम. ऊन नको, कारण सावल्या सरकतात आणि सॉफ्टवेअरला सावली म्हणजे खाच वाटते. ठरावीक लेन्स लावायची, झूम फिरवायचा नाही, आणि दगडासमोरून अर्धवर्तुळात एकेक पाऊल सरकत फोटो काढायचे. लागोपाठच्या दोन फोटोंत निदान सत्तर टक्के भाग सामाईक यायला हवा. मग उंची बदलून तेच पुन्हा. एका वीरगळाचे दीड-दोनशे फोटो सहज होतात. दगडाशेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी हवीच, नाहीतर संगणकावरच्या प्रतिकृतीला माप राहत नाही. आम्ही मेशरूम हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. साध्या लॅपटॉपला एका दगडाला रात्र पुरते. सकाळी पडद्यावर दगड उभा राहिला, आणि त्यावरचा रंग काढून टाकून नुसता आकार ठेवला, की डाग, तेलाचे ओघळ, शेवाळ सगळं निघून जातं. रंगामुळे जे दिसत नव्हतं ते दिसतं. याच्याविषयी थोडं पुढे सांगते, कारण त्यावरून आमच्यात बरेच वाद झाले.

रात्रीचं काम वेगळं. दिवसा समोरून उजेड पडतो तेव्हा झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं. अंधारात एका बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटून दिवा धरला की बारीक खाचही सावली टाकते. याचाच पुढचा टप्पा म्हणजे आरटीआय, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग. कॅमेरा तिपाईवर पक्का बांधायचा, दगडाशेजारी चकचकीत काळा गोळा ठेवायचा आणि दिवा वेगवेगळ्या दिशांनी फिरवत चाळीस-पन्नास फोटो घ्यायचे. गोळ्यावर उमटलेल्या चमकेवरून सॉफ्टवेअर दिव्याची जागा काढतं, आणि मग संगणकावर बसून आपल्याला हव्या त्या बाजूनं दगडावर उजेड पाडता येतो. या पद्धतीचं मूळ तंत्र २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचपीच्या प्रयोगशाळेत काढलं. आमच्याकडे साध्या एलईडी बॅटऱ्या होत्या, दोरीनं अंतर मोजून धरलेल्या. गावातली पोरं दोरी धरायला हौसेनं आली आणि त्यांच्याइतका स्थिर हात आमच्यात कुणाचाच नव्हता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मधे एक कोरी पट्टी आहे. बॅटरी तिरपी धरल्यावर त्या पट्टीवर रेघा उठल्या. पुराभिलेखवाला मुलगा उठून उभा राहिला. लेख असेल तर याच जागी असतो. रात्री उशिरापर्यंत आम्ही एकेक बाजूनं उजेड टाकत बघत होतो. कुणाला 'श्री' दिसला, कुणाला 'स्वस्ति'. तो मुलगा मात्र काही वाचेना. त्याचं म्हणणं, शिरोरेघ कुठेच सलग नाही आणि रेघांचा कल एकच आहे. अक्षर असं नसतं. त्याच्या या संयमाचं मला फार कौतुक वाटलं, कारण नवा शिलालेख सापडला म्हणणं फार सोपं होतं.

रेघा म्हणजे काय हे सांगितलं एका मावशींनी. त्या आजूबाजूच्या गावांत फिरून पाट्या-जात्यांना टाकी लावून देतात. त्यांना आम्ही मुद्दाम बोलावलं. त्यांनी पट्टीवर हात फिरवला, मग खालच्या चौकटीच्या कडेवर, मग परत पट्टीवर. म्हणाल्या, "ही टाकीच हाय. बारीक टोकाची. उजव्या हातानं मारल्याली, वरनं खाली येत. बाकी समदं घासून घेतलंय, ह्ये तेवढं घासायचं ऱ्हायलंय." मग थोडं थांबून, "ऱ्हायलंय का मुद्दाम ठिवलंय त्ये मी कसं सांगू?" लॅपटॉपवर आरटीआयचं चित्र दाखवलं तर त्यांनी बोटानं एकेक घाव मोजत कारागीर कुठून कुठे सरकला ते दाखवलं. दगडावरून जी गोष्ट कळायला आम्हाला काळा गोळा आणि सॉफ्टवेअर लागलं ती त्यांच्या तळव्याला कळत होती, आणि वर 'मी कसं सांगू' हे भानही होतं. पट्टी लेखासाठी राखून ठेवली आणि लेख कोरलाच गेला नाही, अशी शक्यता आहे. नोंदीत ती शक्यता म्हणूनच लिहिली, खाली मावशींचं नाव त्यांना विचारून घातलं.

दगडाबद्दल सांगायला भूगर्भशास्त्र शिकवणारे एक सर आले होते. ओढ्याकाठचा वीरगळ ओवरीतल्यापेक्षा फार ओबडधोबड आहे. चेहरे नाहीतच, हातपाय जाड, लढाईत घोडा की बैल ते कळत नाही. अशा दगडाला 'उत्तरकालीन, निकृष्ट कारागिरी' असं म्हणून मोकळं व्हायची रीत आहे. सरांनी भिंग लावून दोन्ही दगड पाहिले. दोन्ही बेसाल्टच, दख्खनच्या लाव्ह्यातले. पण ओवरीतला घट्ट, बारीक कणांचा. ओढ्याकाठचा मात्र थेट शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा: लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरली. अशा दगडात बारीक नाक-डोळे कोरायला गेलं की खनिजाचा दाणाच निसटतो. वर तो शतकानुशतकं पावसात उभा, त्यामुळे दाणे गळून खळगे पडले. म्हणजे जे आपण कारागिराच्या नावावर घालतो त्यातलं बरंचसं दगडाच्या नावावर जातं. नुसत्या शैलीवरून काळ ठरवणं यापुढे मला तरी जमणार नाही. लेख नसलेल्या वीरगळांना अंगावरचे कपडे, शस्त्रांची घडण, कलशाचा आकार, जवळच्या देवळाच्या खांबांवरची नक्षी यांवरून बाराव्या-तेराव्या शतकात, यादवकाळात बसवलं जातं. पुष्कळदा ते बरोबरही असेल. पण आधी दगड कुठला हे विचारलं पाहिजे, आणि ते विचारायला मूर्तिशास्त्राच्या पुस्तकात जागाच नसते.

मधल्या काळात तुलनेसाठी आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो. वाईजवळ, चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याला किकली गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की चौकटींची मांडणी कुठे सारखी आणि कुठे बदलते ते एका जागी बघता येतं. दुसरं ठिकाण मुंबईतलं, बोरिवलीचं एकसर. तिथल्या वीरगळांवर समुद्रावरची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आहेत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटिअरमध्ये या दगडांचं चौकटवार वर्णन आहे. ते हातात धरून दगडासमोर उभं राहिलं की तेव्हा दिसत असलेलं आणि आता न दिसणारं यांतलं अंतर थेट कळतं. या लढाईचा संबंध यादव महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातल्या संघर्षाशी लावला जातो. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीनं लिहिलंय की सोमेश्वर समुद्रात बुडाला. दरबारी पंडिताचा संस्कृत मजकूर, इंग्रज अमलातल्या अधिकाऱ्यांनी केलेली नोंद आणि कोकणातल्या पाथरवटानं कोरलेली जहाजं, असे तीन साक्षीदार एका घटनेला असणं दुर्मीळ. आमच्या गावाला हे भाग्य नाही. आमच्याकडे एक दगड आणि जिवंत माणसं.

त्यांतले एक म्हणजे धनगर आप्पा. मेंढरं घेऊन वर्षाचे काही महिने बाहेर असतात, परत आले तेव्हा गुरवमामा त्यांना घेऊन आले. ओवरीतल्या वीरगळाच्या खालच्या चौकटीत वीराच्या पायाशी जनावरं आहेत. मोठी चार, त्यांना वशिंड आहे, ती गाईगुरं याबद्दल वाद नाही. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्यांचे वीरगळ भरपूर आहेत, हाही त्यातलाच. सगळ्यात मागे एक लहान जनावर आहे. ते वासरू असं आम्ही धरून चाललो होतो. आप्पा उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वासरू गायीच्या म्होरं न्हाईतर पोटाशी आसतंय. मागनं चालतंय त्ये कुत्रं. शेपूट बगा की."

शेपूट बघायला आम्ही त्रिमिती प्रतिकृती उघडली. रंग काढून, नुसता आकार, डावीकडून उजेड. त्या जनावराच्या मागच्या बाजूला पाठीवर वळलेलं काहीतरी आहे. दगडावर तिथे तेलाचा काळा थर आहे, त्यामुळे डोळ्यांना ते दिसत नव्हतं. रेखाटतानाही मी तिथे तुटक रेघ ठेवली होती, म्हणजे खात्री नाही अशी खूण. वासरू म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की कान तुटलाय, तोंडाकडची बाजू झिजलीय, आणि वळलेला भाग त्याच्या पुढच्या गाईच्या शेपटीचा गोंडा असू शकतो. पुराभिलेखवाला मुलगा त्या बाजूचा. मी आप्पांच्या. कळपाच्या मागे कोण चालतं हे आयुष्यभर रोज बघणाऱ्या माणसाचं म्हणणं हा पुरावाच आहे, असं माझं मत आहे. पाथरवटानंही कळप बघूनच कोरला असणार. त्यावर सरांचा प्रश्न योग्य होता: आठशे वर्षांपूर्वीचा पाथरवट आणि आजचे आप्पा एकच जग बघत होते हे कशावरून? याला माझ्याकडे एका वाक्यात उत्तर नाही. पण त्या संध्याकाळी आप्पांनी बिरोबाच्या ओव्यांतलं थोडं म्हणून दाखवलं, सुंबरान मांडून, म्हणजे आधी देवाचं स्मरण करून, कानावर हात ठेवून, आणि त्यात रानातल्या चोरांशी मेंढक्याची गाठ पडण्याचा प्रसंग होता. तोही ध्वनिमुद्रित करून त्याच दगडाच्या नोंदीला जोडलाय. दोन्हींचा थेट संबंध आहे असा दावा नाही. पण हा दगड कुणाच्या कानावर कुठल्या गोष्टी पडत असलेल्या गावात उभा आहे, हे पुढच्या अभ्यासकाला कळायला नको का?

सगळ्यात जास्त चर्चा शेंदराची झाली. म्हसोबा म्हणून पुजला जाणारा दगड वीरगळच आहे. शेंदराच्या थराखालून चौकटींचे काठ आणि अप्सरेचा कोपर जाणवतो. चांदीचे डोळे बसवलेत. बाहेरून आलेल्या एकानं तिथल्या तिथे सुचवलं की थर उतरवला तर मूळ शिल्प मोकळं होईल. याला आधार नाही असं नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच २०२२ साली काढलं तेव्हा आतलं रूप पहिल्यांदाच लोकांना दिसलं. पण तो निर्णय देवस्थानानं, जाणकारांच्या देखरेखीखाली, विधिपूर्वक घेतला होता. इथे चार अभ्यासकांना चौकटी बघायच्या आहेत एवढं कारण पुरेसं नाही. मुळात शेंदूर ही घाण आहे आणि तिच्याखाली 'खरा' वारसा आहे, ही समजूतच मला मान्य नाही. लढून मेलेला कुणीतरी माणूस गावाचा राखणदार झाला, म्हसोबा झाला, दर अमावस्येला त्याला तेल मिळतं, लग्न ठरलं की पहिला नारळ त्याचा. ही त्या वीराची पाचवी चौकट आहे आणि ती अजून कोरली जातेय. म्हणून आम्ही शेंदराचीच नोंद केली. पूजेआधी आणि पूजेनंतर फोटोग्रामेट्री केली, काय वाहिलं त्याची यादी केली, आणि आजी मंडळींनी सांगितलेल्या नवसाच्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतल्या.

ऑइलपेंटचं मात्र तसं नाही. पारावरच्या वीरगळाला काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धारात निळा-पिवळा ऑइलपेंट फासलाय, आणि त्याखाली दगडाला पाणी बाहेर टाकता येत नाही, पोपडे निघताना वरचा कोरीव भागही सुटतो. रंगवणाऱ्यांनी ते प्रेमानंच केलं. देवळाला रंग द्यायचा तर देवाच्या दारातल्या दगडाला का नाही, हा त्यांचा विचार समजण्यासारखा आहे. अॅसिड किंवा तारेचा ब्रश लावून तो रंग काढणं याहून वाईट ठरेल. ते काम शिलासंवर्धन शिकलेल्या माणसाचंच. तोवर पुन्हा रंग नको, एवढं ग्रामसभेत मंजूर झालं. हे पटवायला मदत कशाची झाली, तर मोठ्या पडद्यावर दाखवलेल्या, ओवरीतल्या वीरगळाच्या त्या रंग काढलेल्या प्रतिकृतीची. तलवार, कट्यार, रिकामे हात असा क्रम मी दाखवत गेले तेव्हा मागून एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "आगं, ह्यो तर सगळं ठिवून ग्येला!" त्या वाक्यापुढे माझं पानभर विवेचन मी बाजूला ठेवलं. नोंदीत त्या चौकटीखाली तेच वाक्य आहे.

नकाशाचं काम अजून अर्धवट आहे. दगडाची आजची जागा जीपीएसवर टिपणं सोपं, पण वीरगळ जागा बदलतात. रस्ता रुंद झाला, बांध फोडला, देवळाची ओवरी बांधली, की दगड उचलून नेले जातात. ओवरीतल्या वीरगळाबद्दल गुरवमामा सांगतात की त्यांच्या आज्यानं तो बैलगाडीत घालून माळावरून आणला. त्या माळावर आम्ही गेलो. तिथून धनगरांची जुनी वाट खाली ओढ्याला उतरते आणि उतारावर पाणवठा आहे. गुरं लुटायला याहून सोयीची जागा नसेल, असं तिथे उभं राहिल्यावर वाटतं. वाटणं आणि असणं यांत फरक आहे, म्हणून नकाशावर दोन खुणा केल्यात: भरीव वर्तुळ म्हणजे आजची जागा, पोकळ म्हणजे सांगोवांगीची, आणि पोकळ वर्तुळाशेजारी कुणी सांगितलं ते. आजूबाजूच्या गावांतले दगडही असे मांडले गेले, तर पोकळ वर्तुळं वाटांवर पडतात की नाही ते तपासता येईल. कोसंबींनी धनगरांच्या वाटांबद्दल जे सुचवलं त्याची ही एक छोटी, पण मोजता येणारी परीक्षा होईल.

नोंदवही दोन प्रतींत आहे, एक आमच्याकडे, एक ग्रामपंचायतीत. प्रत्येक दगडाला चार पानं: रेखाटन, फोटो, दगडाची जात आणि स्थिती, आणि चौथं पान गावाचं, ज्यात दगडाचं गावातलं नाव, त्याला काय वाहतात आणि कुणी काय सांगितलं ते. चौथं पान शाळेतली मुलं भरतात, त्यांच्या अक्षरात. पहिल्या वीरगळाच्या खालच्या चौकटीपुढे 'लहान जनावर' असं लिहून त्याखाली दोन्ही वाचनं सह्यांसकट दिली आहेत, वासरू आणि कुत्रा. आप्पांनी अंगठा दिलाय. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन निघतील तेव्हा वाटेतल्या गावांतल्या वीरगळांमध्ये कळपाच्या मागे काय कोरलंय ते बघून ठेवणार आहेत. त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्ये मोजपट्टी ठेवून फोटो कसा काढायचा ते मी त्याला शिकवलंय.